‘नाइस’ : शब्दाचें कूळ आणि शब्दाचें शील

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. शब्दांच्या बाबतींत मात्र हा उपदेश कोणी पाळीत नाहीं. एखाद्या शब्दाची व्युत्पत्ति हातीं लागली कीं शिकलेल्या माणसास गुप्तधन सांपडल्यासारखें वाटतें, आणि तें चारचौघांस दाखविल्यावांचून त्यास चैन पडत नाहीं. आम्हीही या मोहास अपवाद नाहीं. गेल्या महिन्यांत अशाच एका व्युत्पत्तीचें प्रदर्शन आम्हीं आमच्या घरीं मांडिलें, आणि त्यांतून शेवटीं झडती झाली ती आमचीच. ती हकीकत येथें देण्याचें कारण इतकेंच कीं, तिचा संबंध आमच्या एकट्याशीं नसून, पुस्तकें वाचून त्यांविषयीं चार शब्द बोलणाऱ्या सर्वांशीं आहे.

झालें तें असें. आमची पुतणी बी. ए. च्या वर्गांत इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करिते. एका सायंकाळीं शेक्सपिअरचें ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ हातांत घेऊन ती आमच्याकडे आली व म्हणाली, “काका, हा पाद्रीबोवा असें काय बोलतो? सगळ्यांचा घात होत आला आहे, आणि ह्याला पत्र ‘नाइस’ नव्हतें ह्याचें पडलें आहे!” स्थळ होतें पांचव्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशांतलें. ज्युलिएट मेलेली नसून औषधाच्या गुंगींत आहे, हें रोमिओस कळविण्यासाठीं फ्रायर लॉरेन्सनें मँटुआस पत्र धाडलेलें असतें. पत्र नेणारा फ्रायर जॉन प्लेगच्या संशयावरून एका घरांत कोंडला जातो आणि पत्र तसेंच परत घेऊन येतो. त्या वेळीं लॉरेन्स हळहळून म्हणतो कीं, तें पत्र ‘नाइस’ नव्हतें. आजच्या इंग्रजीचा अर्थ येथें लाविला तर ‘पत्र कांहीं छान नव्हतें’ असें भाषांतर होईल, आणि त्या प्रसंगीं तें बोलणें वेडगळ ठरेल. परंतु १५९७ सालीं प्रथम छापल्या गेलेल्या या नाटकांत ‘नाइस’ म्हणजे किरकोळ, क्षुल्लक. पत्र किरकोळ नव्हतें, त्यांतील मजकुरावर दोन जीव अवलंबून होते, असें त्या वृद्धास म्हणावयाचें आहे.

इतकें सांगून आम्ही थांबलों असतों तर बरें झालें असतें. पण मुलीच्या चेहऱ्यावर कुतूहल दिसलें, आणि आम्हीं त्या शब्दाची सारी कुळकथा तिला ऐकविली. ती थोडक्यांत अशी.

‘नाइस’ हा शब्द इंग्रजींत आला तो जुन्या फ्रेंच भाषेंतून, इ. स. १३०० च्या सुमारास. फ्रेंचमध्यें तो लॅटिनमधून आला. लॅटिनमधील मूळ शब्द ‘नेस्किउस’. त्यांतील ‘ने’ हा निषेधार्थक असून आपल्या ‘न’चा तो सख्खा भाऊ आहे, आणि उरलेला भाग ‘जाणणें’ या अर्थाच्या ‘स्किरे’ धातूपासून झालेला आहे. याच धातूपासून पुढें ‘सायन्स’ हा शब्द निघाला. तेव्हां ‘नेस्किउस’ म्हणजे न जाणणारा, अज्ञ. मराठींत याची हुबेहूब घडण पाहावयाची असेल तर ‘नेणता’ हा शब्द घ्यावा. ‘न’ आणि ‘जाणणें’ यांच्या संयोगानें जसा आमचा ‘नेणता’ बनला, तसाच त्यांचा ‘नेस्किउस’. म्हणजे आज चहाच्या पेल्यापासून जांवयापर्यंत सर्वांस लाविला जाणारा हा शब्द जन्मतः स्तुतीचा नव्हे. चौदाव्या शतकांतील कवि चॉसर एखाद्यास ‘नाइस’ म्हणतो तेव्हां तो त्यास मूर्ख म्हणत असतो. स्पेनमधील लोकांनीं त्याच लॅटिन शब्दापासून केलेला ‘नेसिओ’ आजही मूर्ख याच अर्थानें नांदत आहे. एकाच आजोबाचे दोन नातू, एक स्पेनमध्यें शिवी म्हणून राहिला आणि दुसरा इंग्लंडांत जाऊन शिष्टाचार झाला.

मूर्खापासून सज्जनापर्यंतचा हा प्रवास एका उडींत झालेला नाहीं. मूर्ख या अर्थानंतर छचोर, स्वैराचारी असा अर्थ आला. भपकेबाज पोषाखास तो शब्द लागूं लागला. पुढें लाजरा, आढेवेढे घेणारा, मग चोखंदळ, नाक मुरडणारा, मग नाजूक, आणि नंतर बारकाईचा, सूक्ष्म. हा शेवटला अर्थ अजून जिवंत आहे. कायद्याचा एखादा प्रश्न ‘नाइस’ आहे असें वकील म्हणतो तेव्हां तो प्रश्न गोड आहे असें त्यास म्हणावयाचें नसतें. बाजू निवडतांना केसाएवढा भेद पाहावा लागेल, असें त्यास सुचवावयाचें असतें. डॉ. जॉन्सननें १७५५ सालीं आपला कोश प्रसिद्ध केला, त्यांतही या शब्दाखालीं अगोदर दिसतो तो निर्णयांतील काटेकोरपणाचाच अर्थ. सुखद, मनपसंत, बरा हा आजचा सर्वसंचारी अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झाला. हे अर्थ एकमेकांतून नेमके कसे फुटले याची सांखळी इंग्रजीपुरती तरी स्पष्ट नाहीं, आणि सोळाव्या-सतराव्या शतकांतील अनेक उताऱ्यांत लेखकास कोणता अर्थ अभिप्रेत होता हें ठरविणें कठीण आहे, अशी कबुली ऑक्सफर्डच्या थोर कोशानेंच देऊन ठेविली आहे. जेथें त्या कोशकारांनीं हात टेकले तेथें आम्ही आत्मविश्वासानें सांखळी जोडण्याच्या भरीस पडत नाहीं.

याच्या नेमकें उलट भाग्य ‘सिली’ या शब्दाचें. जुन्या इंग्रजींत त्याचा पूर्वज ‘धन्य, सुखी, ईश्वरी कृपेंतला’ या अर्थाचा होता. जर्मन भाषेंतील त्याचा भाईबंद ‘झेलिग’ आजही त्या पवित्र अर्थानें वापरला जातो. इंग्रजींत मात्र तो धन्यापासून निष्पाप, निष्पापापासून बिचारा, बिचाऱ्यापासून दुबळा आणि दुबळ्यापासून मूर्ख असा एकेक पायरी उतरत गेला. एक मूर्ख चढत चढत सज्जन झाला, आणि एक पुण्यवान उतरत उतरत मूर्ख झाला. शब्दांच्या जगांतही दैवाचे फेरे चुकत नाहींत.

ही कुळकथा ऐकून बहुतेक लोक एक निष्कर्ष काढतात. आमच्या पुतणीनेंही तोच काढला. “म्हणजे,” ती म्हणाली, “सगळे लोक हा शब्द चुकीचा वापरतात तर! कोणी मला ‘नाइस’ म्हटलें तर मीं रागवायला हवें.” तिचें हें बोलणें थट्टेचें होतें, पण असें गंभीरपणें मानणारे पंडित प्रत्येक भाषेंत आढळतात. शब्दाचें मूळ तोच त्याचा खरा अर्थ, बाकी सर्व भ्रष्टाचार, हें त्यांचें सूत्र. या सूत्राचा पोकळपणा मात्र आपल्या पूर्वजांनीं फार जुन्या काळींच ओळखिला होता, आणि आपणांस त्यासाठीं इंग्लंडास जाण्याचें कारण नाहीं.

यास्काचार्यांनीं आपल्या निरुक्तांत एक वाद नोंदविला आहे. सर्व नामें धातूंपासूनच झालीं आहेत, असा शाकटायनाचा पक्ष. त्यावर गार्ग्यानें घेतलेला आक्षेप असा कीं, वाट आक्रमितो म्हणून घोड्यास ‘अश्व’ म्हणावयाचें असेल, तर वाटेनें जाणाऱ्या प्रत्येकासच अश्व म्हणावें लागेल! यास्क स्वतः शाकटायनाच्या बाजूचे; तरीही हा आक्षेप त्यांनीं टाळिला नाहीं, सविस्तर मांडून मग त्यास उत्तर दिलें. पुढें साहित्यशास्त्रांत हाच प्रश्न ‘कुशल’ शब्दाच्या निमित्तानें निघाला. दर्भ तोडून आणणारा तो कुशल. तेव्हां एखाद्यास ‘कामांत कुशल’ म्हणतांना आपण लक्षणा करितों, असें मम्मटानें काव्यप्रकाशांत मानिलें. साहित्यदर्पणकार विश्वनाथानें त्यास हरकत घेतली. शब्द ज्यावरून बनतो तें निमित्त वेगळें, आणि ज्यासाठीं तो वापरला जातो तें निमित्त वेगळें. तसें न मानिलें तर, ‘गो’ शब्द जाण्याच्या अर्थाच्या धातूपासून झाला असल्यामुळें, ‘गाय निजली आहे’ या साध्या वाक्यांतही लक्षणा मानावी लागेल. या एका निजलेल्या गाईनें व्युत्पत्तिवाद्यांची जितकी अडचण केली आहे, तितकी मोठमोठ्या ग्रंथांनीं केली नसेल.

आपल्या रोजच्या मराठीकडेच पाहा. ‘शिक्षा’ हा संस्कृतांत अध्ययनाचा शब्द, सहा वेदांगांपैकीं एकाचें नांव. हिंदींत आजही शिक्षामंत्री असतो, आणि मराठी माणसास तें ऐकून क्षणभर तुरुंग आठवतो. ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ति. गवयानें तो अर्थ थोडाफार सांभाळला, घरांत मात्र त्याचा संताप झाला. ‘चेष्टा’ म्हणजे हालचाल, प्रयत्न. आपण तिची टवाळी केली. ‘साहस’ हें मनुस्मृतींतील अठरा व्यवहारपदांपैकीं एक, म्हणजे बळजबरीचा गुन्हा. आज आपण मुलांना साहसकथा वाचावयास देतों. ‘मस्त’ तर फारसींतून आला तो झिंगलेला या अर्थानें. त्याचा तो जुना वास ‘मस्तवाल’ शब्दांत अजून येतो, पण आमटी मस्त झाली असें म्हटल्यानें कोणतीही गृहिणी रागावल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. मूळ अर्थ हाच खरा मानावयाचा, तर मराठी बोलण्यापूर्वीं प्रत्येकास तोंडाला कुलूपच घालावें लागेल. कूळ कोणतेंही असो; शब्दाची परीक्षा त्याच्या शीलावरून, म्हणजे आज तो कोणतें काम करितो यावरून झाली पाहिजे.

आणि शीलाच्या या कसोटीवर ‘नाइस’ कसा उतरतो? येथें आम्हांस जेन ऑस्टिन या कादंबरीकर्त्रीची साक्ष काढावीशी वाटते. तिची ‘नॉर्दँगर ॲबी’ ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिच्या चौदाव्या प्रकरणांत कॅथरीन ही सतरा वर्षांची भाबडी नायिका, हेन्री टिल्नी हा विद्वान तरुण, आणि त्याची बहीण एलिनर, हीं तिघें बाथ शहराजवळच्या टेकडीवर फिरावयास गेलीं आहेत. ॲन रॅडक्लिफच्या ‘उडोल्फो’ या १७९४ सालच्या अद्भुतरम्य कादंबरीनें कॅथरीन भारून गेलेली आहे. जगांतलें हें सर्वांत ‘नाइस’ पुस्तक नव्हे काय, असें ती हेन्रीस विचारते. हेन्री तिची फिरकी घेतो. ‘नाइस’ म्हणजे नीटनेटकें, असेंच तुम्हांस म्हणावयाचें असणार, आणि तें तर पुस्तकाच्या बांधणीवर अवलंबून! मग तो खरा मुद्दा काढतो. दिवस ‘नाइस’, फेरफटका ‘नाइस’, आपण दोघी मुलीही ‘नाइस’. हा एक शब्द सर्व कामांस चालतो. पूर्वीं तो केवळ टापटीप, औचित्य, नाजूकपणा किंवा सुसंस्कृतपणा दाखविण्यासाठीं असावा. आतां कोणत्याही विषयाची कोणतीही स्तुति त्या एका शब्दांत आटोपते.

या प्रसंगांतील दोन गोष्टी फार मजेच्या आहेत. पहिली अशी कीं, हेन्रीची व्युत्पत्ति चूक आहे. तो ज्यास पूर्वींचा अर्थ म्हणतो तो मूळ नव्हे. मूळ अर्थ मूर्ख. शुद्धतेच्या अभिमान्यांचें नेहमीं असेंच होतें. मुळापर्यंत जाण्याची घोषणा करून ते प्रत्यक्षांत आपल्या आजोबांच्या काळापर्यंतच जातात, आणि तेथें भेटलेल्या अर्थास सनातन ठरवितात. दुसरी गोष्ट एलिनरची. भावानें त्या मुलीचा उत्साह मोडलेला पाहून ती त्यास बजावते कीं, खरें म्हणजे हा शब्द तुलाच लागूं आहे, आणि तोही स्तुति म्हणून नव्हे; शहाणपणापेक्षां चोखंदळपणा तुझ्या अंगीं जास्त. येथें ती ‘नाइस’ हाच शब्द त्याच्या जुन्या, नाक मुरडण्याच्या अर्थानें वापरते, आणि हेन्रीचें शस्त्र हेन्रीवरच चालवते. भावाला काय दोष काढावयाचे ते काढूं देत, आपण आपल्या आवडीच्या शब्दांनीं त्या पुस्तकाची स्तुति करूं, असें ती मैत्रिणीस सांगते.

मग लेखिका कोणाच्या बाजूची? टीकाकार बहुधा हेन्रीचें भाषण उतरून घेतात आणि एलिनरला विसरतात. आम्हांस मात्र वाटतें कीं, ऑस्टिनला दोघांचेंही पटत होतें. तिच्या स्वतःच्या खासगी पत्रांत हा शब्द मुबलक आढळतो. १७९६ च्या जानेवारींत बहीण कसँड्रा हिला लिहितांना, तिच्या आलेल्या लांबलचक पत्रास तिनें ‘नाइस’ हेंच विशेषण लाविलें आहे. बहिणीच्या पत्राचें गुणदोषविवेचन करावयाचें नसतें. पत्र आलें, आनंद झाला, एवढेंच सांगावयाचें असतें, आणि त्यास हा शब्द पुरेसा आहे. अशा ठिकाणीं ‘नाइस’ हा वस्तूचें वर्णन करीत नाहीं, बोलणाराची माया कळवितो. तेथें हेन्रीनें मध्यें पडून व्युत्पत्ति सांगणें हें पांडित्य नसून निव्वळ अरसिकता होय. परंतु प्रश्न जेव्हां पुस्तकाचा असतो, आणि हें पुस्तक कसें आहे असें कोणी खरोखर जाणूं इच्छितो, तेव्हां मायेचा शब्द पुरत नाहीं. तेथें हेन्रीचा आक्षेप पूर्णपणें खरा आहे. ज्या शब्दानें एकेकाळीं केसाएवढा भेद दाखविला जात असे, तोच शब्द आतां भेद पाहण्याचे श्रम वांचविण्यासाठीं वापरला जातो. ‘नाइस’वर आरोप ठेवावयाचा तो कूळ सोडल्याचा नव्हे, हा ठेवावा.

एवढें व्याख्यान झाल्यावर आम्ही समाधानानें आपल्या कामास लागलों. पुढच्या रविवारीं पुतणी पुन्हां आली. या वेळीं तिच्या हातांत शेक्सपिअर नव्हता. एका नवोदित कवीच्या पहिल्या संग्रहावर आम्हीं कांहीं महिन्यांपूर्वीं लिहिलेलें दोन पानांचें परीक्षण होतें, आणि त्यांत ‘सुंदर’ या शब्दाखालीं तिनें पेन्सिलीनें रेघा ओढिल्या होत्या. रेघा नऊ होत्या. कल्पना सुंदर, भाषा सुंदर, निसर्गवर्णन सुंदर, शेवटची कविता विशेष सुंदर. “काका,” ती म्हणाली, “हे नऊ ‘सुंदर’ म्हणजे आपले ‘नाइस’च ना? यांतला एक काढून दुसऱ्या कोणत्या पुस्तकावर ठेवला तर तिथें चालणार नाहीं, असा कोणता आहे?”

आम्ही हंसलों, पण तें हंसणें फार वेळ टिकलें नाहीं. संग्रह काढून आम्हीं तो पुन्हां चाळला, आणि ज्या कवितांस आम्हीं सुंदर ठरविलें होतें त्यांतील चार कविता आम्हांस मुळींच आठवत नव्हत्या. मग आणखी एक गोष्ट आठवली. परीक्षण छापून आल्यावर त्या कवीनें आम्हांस पत्र लिहिलें होतें. आपण कौतुक केलें याचा आनंद आहे, परंतु कोणती कविता साधली आहे आणि कोणती फसली आहे हें कळतें तर पुढच्या लेखनास उपयोग झाला असता, असें त्यांत नम्रपणें विचारिलें होतें. त्या पत्रास आम्हीं उत्तर दिलें नव्हतें. वेळ नव्हता हें निमित्त. खरें कारण, सांगण्यासारखें आमच्यापाशीं कांहींच नव्हतें. एका तरुण माणसानें चार-पांच वर्षांचें काम आमच्यापुढें ठेविलें, आणि आम्हीं त्यास पाहुण्याच्या घरच्या पोह्यांस द्यावी ती पावती दिली होती. ज्यास त्यानें अभिप्राय समजून घेतलें, तो अभिप्राय नव्हताच.

हा दोष आमच्या एकट्याचा असता तर तो आम्हीं खासगींत फेडिला असता. पण मराठींतील परीक्षणें, प्रस्तावना, सत्कारसमारंभांतील भाषणें काढून पाहावीं. ‘सुंदर’, ‘छान’, ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’, ‘हृदयस्पर्शी’ या पांच-सात नाण्यांवरच सारा व्यवहार चाललेला दिसेल. नाणीं इतकीं झिजलीं आहेत कीं त्यांवरचा छाप ओळखूं येत नाहीं. याचें खापर मराठीवर मात्र फोडतां येणार नाहीं. ‘सुरेख’ म्हटलें कीं रेघेचा डौल डोळ्यांपुढें येतो. ‘रेखीव’ म्हटलें कीं कडा स्पष्ट दिसतात. ‘सुबक’ म्हणजे आटोपशीर घडणीचें. ‘प्रासादिक’ म्हणजे वाचतांना अर्थ आपोआप उलगडणारें. ‘भारदस्त’, ‘खुसखुशीत’, ‘लोभस’, ‘ठसठशीत’, ‘नेटकें’ यांतील एकाच्या जागीं दुसरें बसत नाहीं. हे शब्द वापरावयाचे तर एकच अट आहे. पुस्तक अगोदर लक्ष देऊन वाचलें पाहिजे. ‘सुंदर’ म्हणावयास ती अट नाहीं, आणि म्हणूनच तो शब्द आम्हां परीक्षकांस इतका प्रिय आहे.

घरांतील बोलण्यावर आम्ही कोणताही कर बसवूं इच्छीत नाहीं. मुलगी गाणें ऐकून ‘छान’ म्हणाली तर वडिलांनीं तिला शब्दकोश दाखवूं नये. तिचा आनंद खरा आहे आणि त्यास तेवढा शब्द पुरतो. एलिनर टिल्नीचा हा धडा आम्हीं मान्य केला आहे. पण जो दुसऱ्याच्या कृतीवर मत देण्यास बसला, त्यास ही सवलत नाहीं. त्यानें आपल्या प्रत्येक स्तुतिशब्दास आमच्या पुतणीचा प्रश्न विचारावा. हा शब्द येथून उचलून दुसऱ्या पुस्तकावर ठेविला तर तेथें चालेल काय? चालत असेल तर तो खोडावा, आणि पुस्तक पुन्हां उघडावें.

आम्हीं तें त्या रात्रींच उघडिलें. पहांटेपर्यंत नव्हे, पण बराच वेळ बसलों. दुसऱ्या दिवशीं त्या कवीस सविस्तर उत्तर लिहिलें. तीन कविता नांवानिशीं सांगितल्या, त्या कां साधल्या तेंही सांगितलें. दोन कवितांत यमकानें अर्थ कसा ओढून नेला आहे तें दाखविलें. आणि पूर्वींच्या परीक्षणांतील नऊ ‘सुंदर’ आम्ही परत घेत आहों असें कळविलें. उत्तर जाण्यास उशीर फार झाला होता. पण आमच्या वाटेंत ना प्लेग होता ना कोंडलेलें घर, तेव्हां त्या उशिराचा दोष आम्हांस दुसऱ्या कोणावर टाकतां येत नाहीं.